विकल समीकरण समोर आलं की सुरुवात कुठून करायची?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहितोस: दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, इंग्रजीतून, आता बेळगावात इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. सरांनी पद्धत सांगितली की गणित सुटतं, पण पद्धत न सांगता विकल समीकरण, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन, दिलं की हात थांबतो. क्ष·य′ + य = क्ष² हे गणित घेऊन दोन तास बसलास, चल (व्हेरिएबल) काही वेगळे होईनात. आणि शेवटी लिहिलंस, "मुळात या समीकरणात शोधायचं काय असतं तेच कळत नाही."

मला हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण खरी अडचण तिथेच आहे. पद्धती तुला येतात. काय शोधतोय ते ठाऊक नसल्यामुळे कुठली पद्धत उचलायची ते कळत नाही. त्यामुळे पद्धतींची यादी पुन्हा देण्यात अर्थ नाही. समीकरण वाचायचं कसं, ते सांगतो. तुझं ते गणितही शेवटी सोडवू.

माझं सांगणं तुला किती उपयोगी पडेल, हे दोन गोष्टींवर आहे. एक म्हणजे तुझं संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, किती पक्कं आहे. सव्वीस वर्षं बेळगाव आणि खानापुरात शिकवताना मी हे सतत पाहिलं, की विकल समीकरणात अडकलो म्हणणारी बरीच मुलं प्रत्यक्षात संकलनात अडकलेली असतात. मांडणी बरोबर असते, पण पुढे लॉग येणार की टॅन इन्व्हर्स, इथे गाडी थांबते. तुझं तसं असेल तर आधी आठवडाभर बारावीचं संकलन कर. दुसरं म्हणजे परीक्षा किती लांब आहे. चार दिवसांवर असेल तर आत्ता जुन्या प्रश्नपत्रिका सोडव आणि हे सुट्टीत वाच.

चिन्हांचं आधी ठरवून घेऊ. य′ म्हणजे तुमच्या पुस्तकातलं डीवाय बाय डीएक्स. वेळेसाठी ट, संकलनाच्या स्थिरांकासाठी स, म्हणजे पुस्तकातला सी. ई म्हणजे २.७१८ वाली ती संख्या. विकल समीकरण हा मराठी पाठ्यपुस्तकांतला शब्द आहे, हिंदी पुस्तकांत त्यालाच अवकल समीकरण म्हणतात. माझ्या वर्गात निम्मी मुलं कन्नड घरातली असतात. त्यांना मी "बदल" म्हटलं की ती "बदलावणे" समजतात, आणि "वेग" तर दोन्हीकडे वेगच. या विषयाचा सगळा गाभा याच दोन शब्दांत आहे, त्यामुळे भाषेचं ओझं मनावर घेऊ नकोस.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात राकसकोप धरणाच्या पाण्याची पातळी छापून येते ते तू पाहिलं असशील. शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी तिथलं, त्यामुळे घरोघरी लोक ती बातमी बघतात. त्यात दोन आकडे असतात: आज पातळी किती आणि कालच्यापेक्षा वाढली किती. पहिला आकडा हे फलन, म्हणजे फंक्शन, दुसरा त्याच्या बदलाचा दर. रोजची पातळी ठाऊक असेल तर रोजची वाढ काढणं सोपं, नुसती वजाबाकी. ते झालं विकलन. उलट, रोजची वाढ ठाऊक असेल तर पातळी काढायला बेरीज करत जायचं, ते झालं संकलन. मात्र नुसत्या वाढीवरून पातळी कळत नाही, सुरुवातीला धरणात पाणी किती होतं तेही माहीत हवं. ती सुरुवातीची पातळी म्हणजेच तुझा स. उत्तराच्या शेवटी "अधिक स" का लिहायचं, असा प्रश्न मनात आला की राकसकोप आठव.

आता यात एक गाठ घाल. समज, वाढीचा दर स्वतःच पातळीवर अवलंबून आहे: पातळी जितकी जास्त तितकं पाणी जोरात बाहेर पडतं. मग नुसती बेरीज करून भागत नाही. दर काढायला पातळी हवी आणि पातळी काढायला दर हवा. अशी एकमेकांत अडकलेली जोडी म्हणजे विकल समीकरण. आणि शोधायचं काय? साध्या समीकरणात, क्ष² = ९ मध्ये, उत्तर म्हणजे एक संख्या. इथे उत्तर म्हणजे एक अख्खं फलन, एक वक्र. पातळीचा सगळ्या पावसाळ्याचा आलेखच आपण मागतोय. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते.

दर "त्या क्षणाचा" असतो, दिवसाचा सरासरी नव्हे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची "तात्कालिक गती" मांडली आहे. आजच्या विकलजाला, म्हणजे डेरिव्हेटिव्हला, याहून नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही. समीकरणात य′ दिसलं की मनात "य ची तात्कालिक गती" असं वाच.

तर पहिला नियम असा, आणि मी तो प्रत्येक तुकडीला सांगतो: पेन टेकवण्याआधी स्वतःला विचार, दर कशावर अवलंबून आहे? फक्त क्ष वर? फक्त य वर? दोघांवर, पण गुणाकाराने? की दोघांवर, बेरजेने? या प्रश्नाच्या उत्तरातच पद्धत दडलेली असते.

दर फक्त क्ष वर असेल, जसं य′ = ३क्ष², तर सरळ संकलन कर, संपलं. दर फक्त य वर असेल, किंवा क्ष चा तुकडा गुणिले य चा तुकडा असा असेल, तर चल वेगळे होतात. याला तुम्ही व्हेरिएबल सेपरेबल म्हणता. लाइब्निझने ही युक्ती १६९१ मध्ये वापरली, आणि आजही ती पहिली हाताशी येते.

विरजणाचं उदाहरण घेऊ, ते प्रत्येकाच्या घरचं आहे. दूध तापवून उतरवलं, तेव्हा ते ९० अंशांवर आहे. खोलीचं तापमान २६. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर दूध ५८ अंशांवर आलंय. विरजण घालायला साधारण ४२ अंश, म्हणजे बोटाला सोसवेल इतकं कोमट दूध हवं. आणखी किती वेळ थांबायचं? बरीच मुलं त्रैराशिक मांडतात. पंधरा मिनिटांत ३२ अंश उतरले, म्हणजे ४८ अंश उतरायला साडेबावीस मिनिटं. पण दूध तसं निवत नाही. गरम असताना झपाट्याने निवतं, कोमट झालं की रेंगाळतं. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला नियम असा की निवण्याचा दर हा दूध आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. फरकाला फ म्हण, आणि प्रमाणाच्या स्थिरांकाला क. मग

फ′ = −क·फ

आता आपला प्रश्न विचार: दर कशावर अवलंबून आहे? फक्त फ वर. म्हणजे चल वेगळे होणार. फ सगळे एका बाजूला, ट दुसऱ्या बाजूला. फ′ भागिले फ बरोबर −क. दोन्हीकडे संकलन केलं की लॉग फ = −क·ट + स. लॉग उलटवलं की फ = अ × ई^(−क·ट). इथला अ म्हणजे सुरुवातीचा फरक, ९० − २६ = ६४. पंधरा मिनिटांनी फरक ५८ − २६ = ३२, म्हणजे बरोबर निम्मा. निम्मा व्हायला पंधरा मिनिटं, तर पुढचा निम्मा व्हायलाही पंधराच. ३२ चे १६, आणि १६ + २६ = ४२. म्हणजे एकूण तीस मिनिटं, आणखी पंधरा. त्रैराशिकाने साडेबावीसाव्या मिनिटाला विरजण घातलं असतं तर दूध अजून कढत असतं. क ची किंमत हवीच असेल तर लॉग २ भागिले १५, सुमारे ०.०४६ दर मिनिटाला.

यात एक जागा अशी आहे की जिथे मुलं हमखास घाईने पुढे जातात. आपण फ ने भागलं. भागाकार करताना फ शून्य नाही असं धरलं. मग फ = ० हे उत्तर गेलं कुठे? दूध आधीच खोलीच्या तापमानाला असेल तर ते तसंच राहील, तेही या समीकरणाचं खरं उत्तर आहे. इथे अ = ० ठेवला की ते परत मिळतं, म्हणून नुकसान झालं नाही. पण प्रत्येक वेळी असं नशीब लागत नाही. भागलंस की बाजूला लिहून ठेव: "इथे काय हरवलं?"

ते हरवणं किती गंभीर असतं ते टाकीत दिसतं. गच्चीवरची सरळ भिंतींची टाकी घे, बुडाशी एक छोटं भोक. टोरिचेलीच्या नियमाप्रमाणे भोकातून पाणी ज्या वेगाने पडतं तो वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून

उ′ = −क·√उ

पुन्हा दर फक्त उ वर, चल वेगळे होतात, आणि उत्तर येतं √उ = √(सुरुवातीची उंची) − क·ट/२. म्हणजे उंचीचं वर्गमूळ समान गतीने कमी होत जातं. आकडे घाल. सुरुवातीला १०० सेंटीमीटर, दहा मिनिटांनी ८१. वर्गमूळ १० वरून ९ वर आलं, दहा मिनिटांत एक. मग टाकी रिकामी व्हायला शंभर मिनिटं. अर्धी केव्हा होते? ५० चं वर्गमूळ ७.०७, म्हणजे सुमारे २९ मिनिटांनी. पहिली अर्धी टाकी २९ मिनिटांत, उरलेली अर्धी ७१ मिनिटांत. पाणी संपत आलं की नळाला धार कशी बारीक होते, ते आपण रोज बघतो. त्याचंच हे गणित.

दूध आणि टाकी शेजारी ठेवून बघ. दोन्ही समीकरणं जवळजवळ सारखी, फरक फक्त वर्गमुळाचा. पण गणिताप्रमाणे दूध खोलीच्या तापमानाला कधीच पोचत नाही, नुसतं जवळ जवळ जात राहतं. टाकी मात्र शंभराव्या मिनिटाला खरोखर रिकामी होते. आणि ती रिकामी झाल्यावर? √उ चं सूत्र १०० मिनिटांनंतर ऋण येतं, ते वापरता येत नाही. पुढे उ = ० हेच उत्तर, भागाकार करताना आपण जे बाजूला टाकलं होतं ते. इथे कुठलाही स ठेवून ते सूत्रातून मिळत नाही, वेगळं लिहावंच लागतं. याचा अर्थही छान आहे. रिकामी टाकी पाहून ती केव्हा रिकामी झाली हे सांगता येईल का? नाही. शून्यापाशी अनेक वक्र येऊन मिळतात. पुढच्या वर्षी उत्तर एकच असण्याच्या प्रमेयाच्या अटी शिकशील, तेव्हा त्या अटी कशासाठी लागतात हे ही टाकी तुला सांगेल.

मी हे वर्गात प्लास्टिकच्या सरळ बरणीला खिळ्याने भोक पाडून, बाहेर सेंटीमीटरची पट्टी चिकटवून दाखवतो. दर अर्ध्या मिनिटाला उंची लिहायची आणि वर्गमुळांचा आलेख काढायचा. बिंदू सरळ रेषेवर येतात तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. अगदी शेवटी भोकाजवळ रेषा थोडी बिघडते, कारण तिथे पाण्याचा पृष्ठताण जोर धरतो आणि टोरिचेलीचा नियम नीट लागू होत नाही.

आता तुझ्या गणिताच्या जवळ येऊ. काही वेळा दर क्ष आणि य दोघांवर, पण बेरजेने अवलंबून असतो. य′ = क्ष + क्ष·य हे गुणाकारात बसतं, कारण क्ष·(१ + य) होतं. पण य′ = क्ष + य कितीही ओढाताण केली तरी गुणाकार होणार नाही. इथे चल वेगळे करायला बसलास तर दोन तास काय, दोन दिवस जातील. अशा वेळी बघायचं ते हे: य आणि य′ दोन्ही पहिल्याच घातात आहेत का, त्यांचा एकमेकांशी गुणाकार किंवा √य, य² असं काही नाही ना? मग समीकरण रेषीय, लिनियर. त्यासाठी इंटिग्रेटिंग फॅक्टर.

इंटिग्रेटिंग फॅक्टरचं सूत्र सगळे पाठ करतात, तो कुठून आला ते थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आणखी एक टाकी घेऊ. हजार लिटरची टाकी, तिच्यात ५०० लिटर गोडं पाणी. वरून बोअरवेलचं खारं पाणी येतंय, लिटरला २ ग्रॅम मीठ, दर मिनिटाला १० लिटर. आत ढवळलं जातंय आणि खालून मिनिटाला ५ लिटर बाहेर जातंय. टाकी भरेल तेव्हा पाण्यात मीठ किती?

दर मिनिटाला आत येणारं मीठ २० ग्रॅम. पाणी मिनिटाला ५ लिटरने वाढतंय, म्हणून ट मिनिटांनी पाणी ५०० + ५ट लिटर. मीठ म ग्रॅम असेल तर बाहेर जाणारं ५ × म/(५०० + ५ट), म्हणजे म/(१०० + ट). आलं वजा गेलं:

म′ = २० − म/(१०० + ट)

बेरजेचा मामला, चल वेगळे होणार नाहीत. पण दोन्ही बाजूंना (१०० + ट) ने गुणून बघ आणि म चं पद डावीकडे आण:

(१०० + ट)·म′ + म = २०·(१०० + ट)

डावी बाजू शांतपणे वाच. एक गोष्ट गुणिले दुसरीचा विकलज, अधिक पहिलीचा विकलज, जो इथे १ आहे, गुणिले दुसरी. हा तर गुणाकाराच्या विकलनाचा नियम! डावी बाजू म्हणजे (१०० + ट)·म या गुणाकाराचा अख्खा विकलज. मग संकलन केलं की

(१०० + ट)·म = १०·(१०० + ट)² + स

सुरुवातीला मीठ शून्य, म्हणून स = −१,००,०००. टाकी भरते शंभराव्या मिनिटाला. तेव्हा २००·म = ४,००,००० − १,००,०००, म्हणजे म = १५०० ग्रॅम. हजार लिटरात दीड किलो, लिटरला दीड ग्रॅम. येणारं पाणी लिटरला दोन ग्रॅमचं, सुरुवातीचं गोडं, म्हणजे उत्तर शून्य आणि दोनच्या मधे हवं, आणि ते आहे. अशी पडताळणी प्रत्येक वेळी कर. लिटरला अडीच ग्रॅम आलं असतं तर चूक कुठे तरी नक्की आहे, हे गणित पुन्हा न तपासताही कळतं.

इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणजे एवढंच. डावी बाजू एका गुणाकाराचा विकलज व्हावी म्हणून ज्याने गुणायचं ती गोष्ट. तुमच्या पुस्तकात य′ + पी·य = क्यू साठी ई^(पी चं संकलन) दिलेलं असतं. इथे पी म्हणजे १/(१०० + ट), त्याचं संकलन लॉग(१०० + ट), आणि ई ने लॉग उलटवला की (१०० + ट). सूत्रानेही तेच आलं. सूत्र वापर, पण वापरल्यावर डावी बाजू खरंच गुणाकाराचा विकलज झाली का, ते एकदा उलट विकलन करून बघ. पी चं चिन्ह चुकलं असेल तर ती चूक इथेच सापडते.

बाकीच्या पद्धती मी भराभर सांगतो, कारण त्या याच दोन पद्धतींकडे परत आणणाऱ्या आहेत. दर फक्त य/क्ष या गुणोत्तरावर असेल तर य = व·क्ष ठेव, समीकरण चल वेगळे होणारं बनतं. य चा कुठला तरी घात उजवीकडे चिकटलेला असेल, म्हणजे बर्नुलीचं समीकरण, तर योग्य बदली केली की ते रेषीय होतं. याकोब बर्नुलीने ते १६९५ मध्ये मांडलं होतं. एक्झॅक्ट समीकरणात डावी बाजू आधीच एखाद्या फलनाचा पूर्ण बदल असते, तू फक्त ते ओळखायचं.

दुसऱ्या कोटीची समीकरणं, म्हणजे य″ असलेली, अजून तुला आली नसतील, पण येतील. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर मोटरसायकल खड्ड्यातून गेली की सीट खालीवर होऊन स्थिर होते, तिथे हे समीकरण आहे. उदाहरणार्थ य″ + २य′ + ५य = ०. इथे य = ई^(र·ट) ठेवून बघतात, कारण ई च्या घाताचा विकलज हा पुन्हा तोच, फक्त र पटीने. ई भागून गेला की साधं वर्गसमीकरण उरतं: र² + २र + ५ = ०, मुळं −१ ± २आय. आय आला म्हणजे हेलकावे, −१ म्हणजे ते हळूहळू विरणार. उत्तर ई^(−ट) × (अ कॉस २ट + ब साइन २ट). मुळं वास्तव आणि ऋण आली असती, जसं −२ आणि −३, तर सीट न हेलकावता बसली असती. स्थिरांक दोन का? कारण सुरुवातीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: सीट कुठे होती आणि कुठल्या वेगाने हलत होती.

एक अनुभव सांगतो, कारण पद्धत आली म्हणजे सगळं आलं असं वाटू नये. माझा एक जुना विद्यार्थी उद्यमबागमधल्या एका फौंड्रीत कामाला होता. साच्यातून काढलेला ओतीव भाग हात लावण्याजोगा निवायला किती वेळ लागेल, हे त्याने वर शिकलेल्या न्यूटनच्या नियमाने काढलं. उत्तर प्रत्यक्षाशी अजिबात जुळेना. त्याने सोडवणूक तीनदा तपासली, ती अचूक होती. चूक समीकरणात होती. लोखंड लाल असताना उष्णता मुख्यत्वे किरणांनी बाहेर पडते, आणि तो दर निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. स्टेफानने हे १८७९ मध्ये मांडलं. फरकाच्या प्रमाणातला नियम दुधाला चालतो, लालबुंद लोखंडाला नाही. आम्ही दोघांनी बसून ते पहिल्यापासून मांडलं, आणि त्या दिवसापासून मी वर्गात सोडवण्याइतकाच वेळ मांडण्याला देतो.

आणि काही समीकरणं सुटतच नाहीत. य′ = क्ष² + य² दिसायला किती साधं! पण ओळखीच्या फलनांत आणि त्यांच्या संकलनांत त्याचं उत्तर लिहिता येत नाही, हे लिउव्हीलने १८४१ मध्ये सिद्ध केलं. मग काय करायचं? राकसकोपसारखं करायचं. आजची पातळी घ्यायची, त्यावरून आजचा दर काढायचा, थोडं पुढे जायचं, पुन्हा दर काढायचा. ही ऑयलरची पद्धत. आपल्या दुधावरच करून बघ. पाच-पाच मिनिटांच्या पावलांनी पंधरा मिनिटांनंतर ५५.१ अंश येतात, एक-एक मिनिटाच्या पावलांनी ५७.५, आणि खरं उत्तर ५८. पाऊल लहान केलं की उत्तर जवळ सरकतं. पुढे संगणकावर जे सोडवशील त्याच्या मुळाशी हीच कल्पना असेल, पावलं अधिक हुशारीने टाकलेली, एवढंच.

आता तुझं गणित.

क्ष·य′ + य = क्ष²

दर वेगळा काढ: य′ = क्ष − य/क्ष. दर दोघांवर अवलंबून आणि बेरजेने, म्हणून तुझे चल वेगळे झाले नाहीत. त्यात तुझी चूक काही नव्हती, पद्धत तिथली नव्हती. य पहिल्या घातात आहे, म्हणजे रेषीय. पण त्याआधी डावी बाजू वाच, खाऱ्या पाण्याच्या टाकीसारखी. क्ष गुणिले य चा विकलज, अधिक य. म्हणजे क्ष·य चाच विकलज. सूत्रसुद्धा लागलं नाही:

क्ष·य = क्ष³/३ + स, म्हणून य = क्ष²/३ + स/क्ष

परत घालून बघ. य′ = २क्ष/३ − स/क्ष². त्याला क्ष ने गुणलं की २क्ष²/३ − स/क्ष. त्यात य मिळव: स/क्ष एकमेकांना खाऊन टाकतात, २/३ आणि १/३ मिळून क्ष² उरतो. बरोबर आहे.

आणि या उत्तराचा आलेख दोन-चार वेगवेगळे स घेऊन वहीत काढ. क्ष शून्याजवळ गेला की स/क्ष मुळे वक्र वर किंवा खाली उडून जातात. फक्त स = ० वाला पॅराबोला शून्यातून निवांत पार होतो. का, ते य′ = क्ष − य/क्ष मध्ये क्ष = ० ठेवायला गेलास की लगेच दिसेल.